विश्लेषण : शाळा गुरांमागे कुरणात का गेली? ताराबाई मोडक यांचा डहाणूतला प्रयोग काय होता?

मूल शाळेत येत नसेल, तर चूक कुणाची? मुलाची, पालकांची की गरिबीची? डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक यांनी ती शाळेतच शोधली.

कोण होत्या ताराबाई?

जन्म १९ एप्रिल १८९२ चा. १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी, पुढे राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद. ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत मॉन्टेसरी पद्धतीच्या बालशिक्षणात उतरल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. नंतर मुंबईत दादरचं शिशुविहार. इथवर सगळं शहरातलं.

बोर्डीत काय बदललं?

१९४५ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. त्याच वर्षी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावातून वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. अशा घरांतली लहान मुलंही गुरं राखत, धाकट्या भावंडांना सांभाळत. ती बालवाडीत येणार कधी?

मग बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात भरू लागली. तीच अंगणवाडी. गुराखी मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. मॉन्टेसरीची साधनं महाग आणि मुलांना परकी, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं वापरात आली. १९५० च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

विज्ञानाच्या तासाशी याचा संबंध काय?

इथे खरी गोष्ट आहे. गुरं कोणतं पान खातात, कोणतं टाळतात, हे गुराख्याला शिक्षकाच्या आधी माहीत असतं. वर्ग कुरणात भरला की माहितीचं पारडं आपोआप मुलाकडे झुकतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मूल म्हणतं, चिंच रात्री झोपते. एक शिक्षक ‘चूक’ म्हणून पुढचा धडा घेईल. दुसरा संध्याकाळी झाडाखाली नेऊन विचारेल, हे कशावरून ठरवलंस? चिंचेची पानं अंधार पडताना खरोखर मिटतात. म्हणजे मुलाचं निरीक्षण बरोबर आहे. राहतो तो ‘झोप’ म्हणजे काय, हा प्रश्न. विज्ञानाचा तास तिथून सुरू होतो. (इंजिनिअरिंगची चार वर्षं प्रयोगाचं ‘रीडिंग’ आधी आणि प्रयोग नंतर करणाऱ्यांना हे जरा झोंबेल.)

अर्थात हे शिक्षकाला महागात पडतं. वेळ जातो, उत्तर येत नसल्याचं मुलांसमोर कबूल करावं लागतं, मुलांची वारली बोली समजून घ्यावी लागते.

पुढे काय झालं?

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढे नेलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या गावोगावच्या केंद्रांना नाव मिळालं, अंगणवाडी.