टबॅस्को सॉसचे एडमंड मॅकिलहेनी : परसातल्या मिरचीपासून घरच्या उद्योगापर्यंत

टबॅस्को सॉसची लहानशी बाटली तुम्ही एखाद्या हॉटेलच्या टेबलावर पाहिली असेल. तांबडा, पाण्यासारखा पातळ, थेंब थेंब पडणारा सॉस. त्यात मुख्य पदार्थ तीनच: पिकलेली लाल मिरची, मीठ आणि व्हिनेगर. सोलापूरकडे आणि मराठवाड्यात ओल्या लाल मिरचीचा रंजका करतात, त्याचा हा लांबचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही. हा सॉस बाजारात आणणारे एडमंड मॅकिलहेनी शेतकरी नव्हते आणि आचारीही नव्हते. ते बँकेतले गृहस्थ होते. पन्नाशीत हातचे सगळे गेल्यावर त्यांना ही वाट सापडली.

त्यांचा जन्म १८१५ चा, अमेरिकेतील मेरीलँड राज्यात हेगर्सटाउन येथला. १८४० च्या सुमारास ते दक्षिणेला न्यू ऑर्लिन्सला गेले, बँकेत हिशेबनीस म्हणून लागले आणि वाढत वाढत स्वतंत्र बँक व्यावसायिक झाले. १८५९ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांनी मेरी एलायझा एव्हरी हिच्याशी लग्न केले. तिच्या वडिलांचा लुइझियानात दलदलीच्या मधोमध उंचवट्यावर उसाचा मळा होता. तीच जागा पुढे एव्हरी आयलंड म्हणून ओळखली गेली. हा मळा गुलाम मजुरांच्या कष्टावर उभा होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. पुढच्याच वर्षी एव्हरींच्या जमिनीखाली खडकमिठाचा मोठा साठा सापडला. दक्षिणेच्या सैन्याला मिठाची गरज होती, म्हणून उत्तरेच्या फौजेने १८६३ मध्ये ही जागा ताब्यात घेतली. कुटुंब टेक्सासला निघून गेले. युद्ध संपले तेव्हा दक्षिणेचे चलन कवडीमोलाचे झाले होते आणि तिथल्या बँका बुडाल्या होत्या. पन्नाशीचे मॅकिलहेनी बायकोमुलांसह सासुरवाडीत राहू लागले आणि घरच्या बागेत लक्ष घालू लागले.

त्या बागेत टबॅस्को मिरची होती. तिचे शास्त्रीय नाव कॅप्सिकम फ्रुटेसेन्स. आपली ज्वाला किंवा ब्याडगी कॅप्सिकम अ‍ॅन्युअम या प्रजातीची, म्हणजे ही वेगळी प्रजाती झाली. केरळची कांतारी मिरची मात्र तिच्या जवळची. टबॅस्कोचे फळ बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, वर तोंड करून येणारे. ते आधी पिवळसर हिरवे, मग नारिंगी आणि शेवटी लालभडक होते. पूर्ण पिकले की गर मऊ आणि रसाळ असतो आणि फळ देठातून सहज सुटते. वाळवणासाठी हे गुण गैरसोयीचे, पण सॉससाठी नेमके हवेत तसे. सॉस करायचा असेल तर सुकवणीच्या पातळ सालीच्या वाणातून रस कमी मिळतो, याचा विचार लागवडीपूर्वीच करावा लागतो.

या मिरचीचा सॉस त्यांनीच पहिल्यांदा केला असे नाही. न्यू ऑर्लिन्सजवळचे मळेवाले मॉन्सेल व्हाइट १८५० च्या सुमारास ही मिरची लावत होते आणि तिचा सॉसही करत होते. मॅकिलहेनींचे काम वेगळे होते. प्रत्येक बाटलीतला माल सारखाच निघाला पाहिजे, असा त्यांचा हिशेबी आग्रह होता. माझ्या मते इथे त्यांच्यातला बँकवाला कामी आला.

त्यांची पद्धत अशी. फक्त पूर्ण लाल झालेली मिरची तोडायची आणि तोडल्या दिवशीच चेचायची. एका गॅलनला, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर लगद्याला, कॉफीचा अर्धा कप मीठ घालायचे. मीठ तिथल्याच खाणीतले. हा लगदा मातीच्या बरण्यांत आणि पिंपांत ३० दिवस मुरू द्यायचा. नंतर फ्रान्सचे पांढऱ्या द्राक्षमद्याचे व्हिनेगर घालून आणखी निदान ३० दिवस ठेवायचा, अधूनमधून हलवायचा आणि शेवटी गाळून बाटल्या भरायच्या.

यामागचे शास्त्र समजून घ्या. मिठामुळे सडवणारे जिवाणू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. त्यांच्यामुळे लगदा आंबतो, कच्चा वास जातो आणि चव गोल होते. व्हिनेगर पडल्यावर सामू आणखी खाली येतो. अशा पदार्थाचा सामू ४.६ च्या खाली असणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. सॉस करणारे तो ४ च्याही खाली ठेवतात. घरी करत असाल तर नुसत्या चवीवर विसंबू नका, सामू मोजण्याचे यंत्र घ्या. विक्री करायची तर अन्न सुरक्षा नोंदणी घ्यावीच लागते.

१८६८ मध्ये त्यांनी विक्रीच्या हेतूने पहिले पीक घेतले. १८६९ मध्ये ६५८ बाटल्या आखाताच्या किनाऱ्यावरील किराणा दुकानदारांकडे गेल्या, मुख्यतः न्यू ऑर्लिन्सला. घाऊक भाव बाटलीला एक डॉलर, म्हणजे साध्या मजुराच्या जवळपास दिवसभराच्या कमाईइतका. इतका महाग सॉस कोण घेणार, असे वाटेल. पण बाटली छोटी होती, अत्तराच्या बाटलीसारखी बारीक मानेची, आणि तोंडाला थेंब पडतील अशी जाळी. गिऱ्हाईक सॉस ओतत नव्हते, शिंपडत होते. एक बाटली महिनोन्महिने पुरे, त्यामुळे डॉलर जड वाटला नाही. बूच लावून वर हिरव्या मेणाची मोहोर केलेली असे.

२७ सप्टेंबर १८७० रोजी त्यांना या सॉसच्या कृतीचे पेटंट मिळाले. पुढे न्यूयॉर्कच्या एका घाऊक व्यापाऱ्यामार्फत माल उत्तरेकडे जाऊ लागला. दहा वर्षांच्या आतच तो इंग्लंडलाही पोहोचला. मॅकिलहेनींनी दहा प्रकारची लोणची आणि चटण्या काढल्या नाहीत. उत्पादन एकच ठेवले. आपल्याकडच्या अनेक बचत गटांनी पहिल्याच वर्षी पंधरा पदार्थांचे लेबल छापलेले मी पाहिले आहे. त्यातले दोन-तीनच पुढे चालतात.

आपल्याकडे नंदुरबारसारख्या भागात पथारीवर टाकलेल्या लाल मिरचीवर अवकाळी पाऊस आला की माल काळा पडतो. ओल्या मिरचीचा काही भाग तोडणीनंतर लगेच मिठात घातला तर तेवढी जोखीम उन्हावर राहत नाही. अर्थात डागी, बुरशी लागलेली मिरची पिंपात घालून चालत नाही. मीठ काही जादू करत नाही.

मॅकिलहेनी १८९० मध्ये वारले. आयुष्याविषयी त्यांनी जे थोडके टिपण मागे ठेवले, त्यात सॉसचा उल्लेखच नाही. स्वतःच्या नजरेत ते शेवटपर्यंत बँकवालेच होते. धंदा मोठा मुलगा जॉन याने हाती घेतला आणि स्वतः फिरून गिऱ्हाइके भेटला. १८९८ मध्ये तो सैन्यात गेल्यावर धाकटा एडवर्ड पुढे आला आणि त्याने १९४९ पर्यंत कारभार पाहिला. कंपनी आजही त्याच घराण्याची आहे. लगदा आता ओकच्या पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरतो आणि पिंपाच्या झाकणावर मिठाचा थर देतात. तोडणी करणाऱ्यांना लाल रंग दिलेली एक काडी दिली जाई. मिरची त्या काडीच्या रंगाची झाली तरच तोडायची.

मिरचीचे बहुतेक पीक आता लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत, करारावर लावले जाते. बियाणे मात्र एव्हरी आयलंडवरच्या निवडक झाडांचे असते, आणि त्याचा काही साठा तिजोरीत जपून ठेवतात.