एपीकेच्या पहिल्या दोन अक्षरांतला माणूस: फिल कॅट्झ

तुमच्या फोनमधली एखादी एपीके फाईल घ्या, किंवा वर्डची डॉकएक्स. कॉपी करा, एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत चक्क फोल्डर दिसतील, कारण या मुळात झिप फाईलीच आहेत. हेक्स एडिटरमध्ये पाहिलं तर सुरुवातीलाच दोन अक्षरं असतात: पी आणि के. म्हणजे फिल कॅट्झ. (एपीके या नावातलं पीके वेगळं, तो निव्वळ योगायोग!)

फिलचा जन्म १९६२ चा, अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. तिथल्याच विद्यापीठात तो कॉम्प्युटर सायन्स शिकला. तेव्हा लोक मोडेमवरून फाईली पाठवायचे आणि फोनचं बिल मिनिटांवर यायचं, त्यामुळे फाईल छोटी करणं म्हणजे थेट पैसे वाचवणं. त्यासाठी एसईए कंपनीचं आर्क नावाचं सॉफ्टवेअर चालायचं. फिलने त्याचाच जास्त वेगवान अवतार लिहिला, पीकेआर्क, आणि १९८६ मध्ये पीकेवेअर ही कंपनी काढली.

१९८८ मध्ये एसईएने त्याला कोर्टात खेचलं. इथे फिलला हिरो करायची घाई नको. तपासणीत त्याच्या कोडमध्ये एसईएच्या कोडमधल्या कमेंट्स, अगदी स्पेलिंगच्या चुकांसकट, सापडल्या होत्या. तडजोड झाली, त्याने पैसे भरले आणि आर्क सोडलं. तरी बरेच युजर त्याच्याच बाजूने उभे राहिले. त्यांच्या नजरेत तो मोठ्या कंपनीशी लढणारा एकटा पोरगा होता, जरी एसईए स्वतःही छोटीशीच कंपनी होती.

मग १९८९ मध्ये पीकेझिप आलं. फिलने झिप फॉरमॅट कसा चालतो ते एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहून सगळ्यांना वापरायला मोकळं केलं. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच.

याची किंमत मला डेटाबेस बॅकअपच्या एका टूलवर काम करताना कळली. त्याचा फॉरमॅट आमचा स्वतःचा होता, म्हणजे उद्या टूल बंद पडलं की तुमचा बॅकअपही गेला. म्हणून एक्स्पोर्टचे पर्याय द्यायचे ठरलं. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडते, पण रिकामा रकाना आणि नल यातला फरक तिच्यात सहज हरवतो. जेसनमध्ये तो टिकतो, फक्त फाईल फुगते. एसक्यूएल डंप रिस्टोअरला उत्तम, पण दुसऱ्या कंपनीच्या डेटाबेसवर कुरकुरतो. आम्ही तिन्ही दिले, आणि प्रत्येक टेबलची वेगळी फाईल करून सगळ्या झिपमध्ये भरल्या. झिपमध्ये यादी शेवटी असते, त्यामुळे सगळा बॅकअप न उलगडता एकच टेबल बाहेर काढता येतं. शिवाय प्रत्येक फाईलचा चेकसम असतो, डेटा खराब झाला असेल तर लगेच कळतं.

१९९३ च्या पीकेझिप २ मध्ये फिलने डिफ्लेट ही पद्धत आणली. १९९६ मध्ये ती इंटरनेटच्या आरएफसीमध्ये नोंदली गेली. तुमचे पीएनजी स्क्रीनशॉट आजही डिफ्लेटनेच दाबले जातात.

पुढचं लिहायला जड जातं. विंडोज आलं तेव्हा फिल डॉसमध्येच रमलेला होता, आणि झिप उघडायला लोक दुसऱ्याचं विनझिप वापरू लागले. पैसा होता, पण दारू सुटत नव्हती. कंपनीतही तो फारसा दिसेनासा झाला. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकी भागातल्या एका हॉटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय अवघं ३७.

त्याच्या मूळ झिपमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नव्हती. ती मर्यादा त्याच्या मागे, २००१ मध्ये, झिप६४ ने उठवली आणि तीही त्याच टेक्स्ट फाईलमध्ये लिहिली गेली. आमचं टूल ४ जीबीच्या पुढे आपोआप झिप६४ वापरतं. फक्त एक बघा, फार जुन्या अनझिप प्रोग्रॅममध्ये अशी फाईल उघडत नाही.