विश्लेषण : 'हाय-रेस' गाण्याला डावी-उजवी बाजू कुणी दिली? स्टिरिओचे जनक ॲलन ब्लूमलाइन यांची गोष्ट

मोबाइलवर गाणे लावले की हल्ली नावाखाली 'हाय-रेस लॉसलेस' अशी पट्टी दिसते. शेजारी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला, असे आपण गृहीत धरतो. महागडे सबस्क्रिप्शन, डीएसी, नवे स्पीकर असा खर्चही त्यापायी होतो. पण डोळे मिटल्यावर व्हायोलिन डावीकडे, गायक मधोमध आणि चेलो उजवीकडे बसल्याचा जो भास होतो, तो या आकड्यांमुळे होत नाही. त्यामागची कल्पना नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका २८ वर्षांच्या इंजिनीअरने पेटंटच्या अर्जात मांडली होती. त्यांचे नाव ॲलन ब्लूमलाइन. त्यांची ही कल्पना लोकांच्या घरी पोहोचली, तेव्हा ती ऐकायला ते स्वतः हयात नव्हते.

कोण होते ॲलन ब्लूमलाइन?

ॲलन डोवर ब्लूमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील मूळचे जर्मनीचे, नंतर ब्रिटिश नागरिक झालेले. आई स्कॉटिश वंशाची, दक्षिण आफ्रिकेत काम केलेल्या एका मिशनऱ्याची मुलगी. लहानपणचा एक किस्सा त्यांच्या चरित्रांत हमखास येतो. सात वर्षांच्या ॲलनने घराच्या दारावरची विजेची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांच्या हाती रीतसर बिल ठेवले. खाली सही होती, इलेक्ट्रिकल इंजिनीअर म्हणून!

वाचनात मात्र हा मुलगा मागे होता. बाराव्या वर्षापर्यंत आपल्याला नीट वाचता येत नव्हते, असे ते पुढे सांगत. गणितात तशी अडचण नव्हती. हायगेट स्कूलनंतर त्यांनी लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून १९२३ मध्ये प्रथम श्रेणीत पदवी मिळवली.

टेलिफोनमधून ग्रामोफोनकडे कसे आले?

पहिली मोठी नोकरी १९२४ मध्ये इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये लागली. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांमध्ये तेव्हा एक मोठा त्रास होता. एका तारेवरचे बोलणे शेजारच्या तारेत झिरपायचे. ही सरमिसळ कमी करण्यावर ब्लूमलाइन यांनी काम केले. दोन आवाज शेजारून न्यायचे, पण एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हाच प्रश्न काही वर्षांनी संगीताच्या रूपात त्यांच्यासमोर येणार होता.

१९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आयझॅक शोनबर्ग यांच्या हाताखाली रुजू झाले. कंपनीची अडचण पैशाची होती. विजेच्या साह्याने तबकडी कोरण्याच्या तंत्राचे पेटंट अमेरिकनांकडे होते आणि त्यापोटी कोलंबियाला रॉयल्टी मोजावी लागे. ते पेटंट न मोडता दुसरा मार्ग शोधा, एवढेच काम ब्लूमलाइन यांना दिले होते. त्यांनी होल्मन आणि क्लार्क या सहकाऱ्यांसोबत नवे कटिंग हेड तयार केले. मेणावर खाच कोरणारी सुई फिरत्या कॉइलने हलवणारी ही रचना होती. रॉयल्टी तर टळलीच, शिवाय आवाजही आधीपेक्षा स्वच्छ आला.

मार्च १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन 'ईएमआय' झाली. भारतात घराघरांत ओळखीचा असलेला, भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचा 'एचएमव्ही' याच समूहाचा. नव्या कंपनीची प्रयोगशाळा लंडनच्या पश्चिमेला, हेज येथे होती.

सिनेमागृहात काय खटकले?

१९३१ मध्ये ब्लूमलाइन आपली भावी पत्नी डोरीन यांच्यासोबत सिनेमाला गेले होते. बोलपट नुकतेच आले होते. नट पडद्याच्या एका टोकाला दिसायचा आणि त्याचा आवाज मात्र स्पीकर जिथे ठेवला असेल तिथूनच यायचा. प्रेक्षकांनी हे कधीच स्वीकारले होते. ब्लूमलाइन यांना ते खटकले. नटाच्या मागे आवाजही चालत जाईल अशी युक्ती आपल्याला सुचली आहे, असे त्यांनी डोरीन यांना सांगितले. दोघांचे लग्न १९३३ मध्ये झाले.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. जून १९३३ मध्ये तो मंजूर झाला. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५, त्यात एकूण ७० दावे. 'स्टिरिओ' हा शब्द ते वापरत नसत, त्यांचा शब्द होता 'बायनॉरल', म्हणजे दोन कानांचा.

पेटंटमध्ये नेमके होते तरी काय?

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला क्षणाचा अगदी छोटा अंश आधी पोहोचतो आणि थोडा मोठाही वाटतो. या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. समोर दोन स्पीकर ठेवून तसाच फरक कानांपर्यंत कसा पोहोचवायचा, याचे पूर्ण उत्तर या पेटंटमध्ये होते. त्यातले तीन भाग आजही वापरात आहेत.

पहिला भाग मायक्रोफोनचा. दोन मायक्रोफोन एकाच जागी, पण एकमेकांशी काटकोनात ठेवायचे. या जोडीला आज ध्वनिमुद्रक 'ब्लूमलाइन पेअर' म्हणतात.

दुसरा भाग तबकडीचा. खाच एकच, पण तिच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात. एका भिंतीवर डावा आवाज, दुसऱ्या भिंतीवर उजवा. सुई एकच असली तरी दोन्ही आवाज वेगळे वाचता येतात.

तिसरा भाग बेरीज-वजाबाकीचा. डावा आणि उजवा आवाज थेट न नेता दोन्हींची बेरीज आणि दोन्हींमधला फरक न्यायचा. शेवटी पुन्हा साधे गणित केले की डावा-उजवा आवाज परत मिळतो.

हे करणारे ते एकटेच होते का?

नाही. पॅरिसमध्ये १८८१ च्या विद्युत प्रदर्शनात ऑपेराचा आवाज दोन टेलिफोन रिसीव्हर कानांना लावून ऐकवला गेला होता. ब्लूमलाइन यांच्याच काळात अमेरिकेत बेल लॅब्जचे हार्वे फ्लेचर आणि संगीतकार लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांचे प्रयोग सुरू होते. १९३३ मध्ये फिलाडेल्फियात वाजलेले ऑर्केस्ट्रा त्यांनी तीन वाहिन्यांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात पोहोचवले. ब्लूमलाइन यांचे वेगळेपण म्हणजे मायक्रोफोनपासून एका खाचेच्या तबकडीपर्यंतची अख्खी साखळी त्यांनी एकाच दस्तऐवजात मांडली आणि करूनही दाखवली.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिकसोबत मोझार्टची 'ज्युपिटर' सिंफनी बसवत होते. ब्लूमलाइन यांनी ती दोन वाहिन्यांत मेणावर कोरली. १९३५ मध्ये छोटे स्टिरिओ चित्रपटही तयार झाले. त्यातल्या एकात हेज स्थानकातून जाणाऱ्या गाड्या दिसतात आणि गाडी सरकते तसा आवाजही सरकतो.

मग स्टिरिओ लगेच बाजारात का आला नाही?

काळ मंदीचा होता. लोकांना नवे यंत्र आणि नव्या तबकड्या पुन्हा विकत घ्यायला लावणे कंपनीला परवडणारे नव्हते. शिवाय ईएमआयचे सगळे लक्ष तोवर दूरचित्रवाणीकडे वळले होते. स्टिरिओचे काम बाजूला पडले आणि ब्लूमलाइन यांनाही तिकडेच घेतले गेले.

२ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या ॲलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली. जॉन लोगी बेअर्ड यांची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची अशा दोन पद्धती आळीपाळीने वापरल्या जात होत्या. काही महिन्यांतच बेअर्ड यांची पद्धत बंद झाली आणि ४०५ रेषांची टिकली. तिच्या सर्किटमध्ये ब्लूमलाइन यांचा मोठा वाटा होता. अवघ्या ३८ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या नावावर १२८ पेटंट जमा झाली.

७ जून १९४२ रोजी काय घडले?

दुसऱ्या महायुद्धात हेजची प्रयोगशाळा रडारच्या कामाला लागली. ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांना रात्री, ढगांवरून, खालचे शहर ओळखता येत नव्हते. जमिनीचा नकाशा वैमानिकापुढे उमटवणारे 'एचटूएस' नावाचे रडार तयार होत होते. ब्लूमलाइन त्या कामात आघाडीवर होते.

७ जून १९४२ रोजी हे यंत्र बसवलेले हॅलिफॅक्स विमान चाचणीसाठी उडाले. हवेतच एका इंजिनाला आग लागली आणि हियरफर्डशायरमधल्या वेल्श बिकनर गावाजवळ विमान कोसळले. विमानातले अकराही जण ठार झाले. त्यांत ब्लूमलाइन आणि ईएमआयचे आणखी दोन इंजिनीअर होते. चौकशीत कारण सापडले ते इंजिनातल्या एका नटचे. तो नीट आवळलेला नव्हता, त्यातून व्हॉल्व्ह तुटला आणि आगीला वाट मिळाली.

रडार हे गुपित होते, त्यामुळे अपघातही गुपित राहिला. देशातल्या एका मोठ्या संशोधकाच्या निधनाची बातमी नेहमीसारखी छापून आली नाही. मागे पत्नी डोरीन आणि दोन लहान मुले होती. रडारचे काम सहकाऱ्यांनी पुरे केले आणि जानेवारी १९४३ च्या अखेरीस ते प्रत्यक्ष मोहिमेत वापरले गेले.

स्टिरिओ घरी कधी पोहोचला?

स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. अमेरिकेच्या वेस्ट्रेक्स कंपनीने विकसित केलेली पद्धत जगभर मान्य झाली. एक खाच, काटकोनातल्या दोन भिंती, प्रत्येक भिंत ४५ अंशांवर. ब्लूमलाइन यांनी १९३१ मध्ये मांडलेली हीच रचना. पेटंटची मुदत तोवर संपली होती, त्यामुळे या प्रचंड बाजारातून त्यांच्या पेटंटला काही मिळण्याचा प्रश्नच उरला नाही. मान मिळाला, पण उशिरा. २०१५ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत त्यांच्या कामाची नोंद घेणारा फलक लागला आणि २०१७ मध्ये मरणोत्तर टेक्निकल ग्रॅमी जाहीर झाले.

तुमच्या हाय-रेस फाइलशी याचा काय संबंध?

सीडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि सीडीत २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. हाय-रेस म्हणजे त्याहून मोठे भांडे : २४ बिट आणि ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार नमुने. भांडे मोठे झाले म्हणजे आतला पदार्थ बदलला असे नाही. १९३४ ची ती सिंफनी आज २४ बिटमध्ये उतरवली तर तबकडीची खरखर अधिक काटेकोरपणे टिपली जाईल, पण मेणावर जे कोरलेच गेले नव्हते ते कुठून येणार? उलट, वाद्ये कुठे बसली होती हे मात्र कळते, कारण ते मुद्रणाच्या दिवशीच नीट टिपले होते.

आणखी एक गंमत. हाय-रेस गाणी बहुधा ज्या 'फ्लॅक' प्रकारच्या फाइलमध्ये मिळतात, त्यात जागा वाचवण्यासाठी डाव्या-उजव्या आवाजातला फरक साठवण्याची युक्ती वापरतात. ब्लूमलाइन यांच्या बेरीज-वजाबाकीचीच ही नवी आवृत्ती!

घरी ऐकताना काय तपासावे?

आधी मूळ मुद्रण बघा. अल्बम कोणत्या साली, टेपवर की डिजिटल पद्धतीने मुद्रित झाला, हे माहितीच्या पानावर अनेकदा दिलेले असते. १६ बिटमध्येच मुद्रित झालेल्या अल्बमचा आकडा नंतर फुगवला तर त्यात नवे काही येत नाही. थोड्या मायक्रोफोनवर, एका सभागृहात, सलग वाजवलेल्या मैफिलीचे चांगले मुद्रण आधी निवडा.

वायरचा विचार करा. ब्लूटूथवर आवाज बहुतेक वेळा दाबून पाठवला जातो, त्यामुळे हाय-रेसचे पैसे मोजले असतील तर वायर आणि डीएसी वापरा.

आणि सर्वात महत्त्वाचे, ज्याला एक रुपयाही लागत नाही. दोन्ही स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. एक स्पीकर कपाटावर आणि दुसरा सोफ्यामागे असेल तर १९२ किलोहर्ट्झची फाइलही मोनोसारखीच ऐकू येईल. जागा जमली की गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरच्या मधून, जिथे काहीच ठेवलेले नाही तिथून येऊ लागतो.

जुन्या तबकड्यांचा अपवाद लक्षात ठेवा. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनोच आहेत. त्यांना डावी-उजवी बाजू शोधू नका. आवाज मधोमध येऊ द्या आणि फार घासूनपुसून खरखर काढलेली आवृत्ती टाळा, कारण खरखरीबरोबर गळ्यातले बारकावेही जातात.

आज रात्री आवडते गाणे लावाल तेव्हा स्क्रीनवरचा आकडा क्षणभर विसरा, डोळे मिटा आणि कोण कुठे बसले आहे ते ऐका. ब्लूमलाइन यांना सिनेमागृहात पडलेला प्रश्नही तेवढाच होता.