विमानाची तार आणि जे. आर. डी. टाटा



परवा माझ्या सायकलचा मागचा ब्रेक दाबला तो तसाच राहिला. चाक फिरेना. मी चिडून जोर लावायला गेलो, तर आबांनी माझा हात धरला. आधी ओढायचं नाही, अडकलंय कुठं ते बघायचं, असं त्यांनी मला समजावलं. मग नळीतून तार बाहेर काढली. आत चिखल सुकलेला होता आणि तारेचा एक बारीक धागा तुटून नळीला अडकला होता. आबांनी नळी रॉकेलनं धुतली, तेल सोडलं आणि तार नवी घातली. जुनी तार अजून चालली असती असं मला वाटलं होतं. पण एक धागा तुटला की बाकीचे मागोमाग तुटतात, हे त्यांनी मला दाखवलं.

तेवढ्यात डोक्यावरून चिकलठाण्याकडे उतरणारं विमान गेलं. विमानालाही अशा तारा असतात का, हे मी दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले की लहान विमानांना असतात. त्यांनी त्या तारांची माहिती दिली आणि तशा विमानांतून आपल्या देशात विमान वाहतूक सुरू करणाऱ्या एका थोर माणसाची गोष्टही सांगितली. ती येथे लिहीत आहे.

आधी तारेचे सांगतो. लहान विमानात वैमानिकापुढे एक दांडा असतो आणि पायाशी पावट्या असतात. त्यांना पोलादी तारा जोडलेल्या असतात. एकेक तार पुष्कळ बारीक धागे पिळून केलेली असते. या तारा कप्प्यांवरून पंखांपर्यंत आणि शेपटीपर्यंत जातात. आपल्या विहिरीच्या रहाटावरून दोर जातो ना, तसेच. दांडा हलला की तार ओढली जाते आणि पंखाची किंवा शेपटीची झडप हलते. दांडा डावीकडे नेला की डाव्या पंखाची झडप वर जाते, उजव्या पंखाची खाली जाते आणि विमान डावीकडे कलते.

ही तार अडकण्याची कारणे साधीच असतात. कप्पी सुकते, तारेला गंज चढतो, धूळ बसते, एखादा धागा तुटून कुठेतरी रुततो, नाहीतर खाली पडलेली एखादी वस्तू मध्ये येते. वारा असताना झडपा हलू नयेत म्हणून जमिनीवर अडसर लावून ठेवतात. तो काढायचा राहून गेला तरी दांडा हलत नाही. अशा वेळी जोर लावायचा नसतो. इंजिन बंद ठेवून एकाने आत बसून दांडा हळूहळू हलवायचा. दुसऱ्याने बाहेरून तारेच्या वाटेने बघत जायचे. जिथे हालचाल थांबते तिथे खोट असते. तारेवरून फडके फिरवायचे. जिथे फडके अडकते तिथे धागा तुटलेला असतो. तिथे उघडा हात फिरवला तर बोट कापते. गंज आणि घाण काढायची, कप्पी मोकळी करायची, आणि तार खराब झाली असेल तर बदलायची. ताण बेताचा ठेवायचा. तार फार घट्ट असली तर दांडा जड होतो, सैल असली तर झडप नीट हलत नाही. शेवटी दांडा डावीकडे नेल्यावर झडप बरोबर बाजूला जाते ना, हे बघायचे. तारा उलट जोडल्या गेल्या तर विमान उलटेच वळेल. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी वैमानिक दांडा चारी बाजूंना पूर्ण फिरवून बघतो. सायकल अडली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आकाशात कडा नाही.

आता त्या माणसाची गोष्ट. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. त्यांना सगळे जे. आर. डी. म्हणत. वडील पारशी आणि आई फ्रेंच. फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या ज्या गावी त्यांचे कुटुंब सुट्टीला जाई, तिथेच लुई ब्लेरिओ यांचेही घर होते. विमानाने इंग्लंडची खाडी ओलांडणारे पहिले वैमानिक ते हेच. त्यांना बघून लहान जहांगीरला विमानाचे वेड लागले. पंधराव्या वर्षी ते पहिल्यांदा विमानात बसले.

पुढे ते मुंबईला आले आणि टाटांच्या कचेरीत बिनपगारी शिकाऊ म्हणून लागले. १९२६ मध्ये वडील वारले. घरची जबाबदारी तरुणपणीच अंगावर आली, तरी विमानाची ओढ गेली नाही. शिक्षकाबरोबर फक्त पावणेचार तास उडून त्यांनी एकट्याने विमान चालवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक होता १.

१९३० मध्ये आगाखान यांनी जाहीर केलेल्या एका बक्षिसासाठी शर्यत झाली. इंग्लंड आणि भारत यांमधला प्रवास एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड मिळणार होते. जे. आर. डी. कराचीहून निघाले. तिकडून इंग्लंडहून १७ वर्षांचा अस्पी इंजिनियर नावाचा मुलगा निघाला होता. इजिप्तमध्ये अबुकिर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान अडून बसले होते. इंजिनचे प्लग खराब झाले होते आणि जादा प्लग त्याच्याजवळ नव्हते. जे. आर. डीं.जवळ होते.

आता विचार करा. शर्यत चालू आहे, बक्षीस एकालाच मिळणार आहे, आणि दुसरा गडी आपणहून अडकला आहे. तुम्ही काय केले असते? जे. आर. डीं.नी प्लग काढून दिले. दोघे आपापल्या वाटेने उडाले. अस्पी थोड्या तासांच्या फरकाने आधी पोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. हाच अस्पी पुढे आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. सकाळी कराचीहून पस मॉथ नावाच्या लहान विमानातून निघाले. सोबत टपालाची सुमारे २५ किलोची पिशवी होती. वाटेत अहमदाबादला पेट्रोल घ्यायचे होते. ते कुठून आले असेल? बैलगाडीतून, डब्यांत भरून! दुपारी विमान मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून पुढे त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे गेले. आपल्या देशातली नियमित विमानसेवा अशी सुरू झाली.

त्या वेळी जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठची मातीची जमीन होती. पावसाळ्यात तिथे पाणी भरे, मग सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. विमाने दोन, माणसे मोजकी. विमानात रेडिओही नव्हता. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड किती लवकर गंजते हे कोकणात राहणाऱ्यांना विचारा. अशा ठिकाणी लहान विमान रोज वेळेवर न्यायचे म्हणजे प्रत्येक तार, प्रत्येक कप्पी रोज तपासायला हवी. तिथे आळस चालत नाही.

ही कंपनी वाढली. १९४६ मध्ये तिचे नाव एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनला निघाले. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी १९७८ पर्यंत अध्यक्ष जे. आर. डी.च राहिले. एवढा मोठा माणूस, पण प्रवासाला निघाला की पडदे, खुर्च्या, चहाकॉफी, सगळ्याकडे बघे आणि जे चुकले ते लिहून कळवी. बारीकसारीक गोष्टीकडे दुर्लक्ष केले की पुढे मोठी खोट होते, हे विमान चालवणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षे झाली त्या दिवशी, ७८ वर्षांचे जे. आर. डी. पुन्हा एका लहान जुन्या विमानातून कराचीहून मुंबईला आले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे ते वारले. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटांकडे आली.

ते गेले त्याच वर्षी आपल्याकडेही एक दुःखाची गोष्ट घडली. आपली मोठी माणसे ती अजून विसरलेली नाहीत. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून उडालेले विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले. ५५ माणसे गेली. विमान मोठे होते, तारा अडकल्या नव्हत्या. पण विमान वेळेवर उचलले गेले नाही आणि रस्त्यावरची वाहनेही थांबवलेली नव्हती. दोन गोष्टी राहून गेल्या आणि केवढे झाले! म्हणून बघायचे ते आधी, जमिनीवर असतानाच बघायचे.

माझी सायकल आता छान चालते. सकाळी निघण्याआधी मी दोन्ही ब्रेक दाबून बघतो. आणि दप्तरात एक जादा पेन्सिल ठेवतो. परीक्षेत शेजारच्याची मोडली तर द्यायला. त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले तरी चालतील.