पाण्याच्या पृष्ठभागाची अभ्यासक : आग्नेस पॉकेल्स

साबणाचा रेणू दुतोंडी असतो. त्याच्या एका टोकाला पाण्याचे आकर्षण, तर दुसऱ्याला पाण्याचे वावडे. त्यामुळे पाण्यावर पोहोचताच असे रेणू एक टोक पाण्यात आणि दुसरे हवेत ठेवून शिस्तीने उभे राहतात व अवघ्या एका रेणूच्या जाडीचा थर आपोआप तयार होतो. साबणाचा फेस, औषधी मलमे, पेशींभोवतीचे पटल या साऱ्यांच्या मुळाशी रेणूंचा हाच स्वभाव आहे. त्याचे मोजमाप करण्याची रीत प्रथम घालून दिली ती विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या एका गृहिणीने.

आग्नेस पॉकेल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस येथे झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते आणि वडील ऑस्ट्रियन सैन्यात अधिकारी होते. मलेरियाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १८७१ मध्ये कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइगला स्थायिक झाले. आग्नेस यांना पदार्थविज्ञानाची ओढ होती. परंतु मुलींच्या शाळेपुढे वाट नव्हती. विद्यापीठांचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. धाकटा भाऊ फ्रीड्रिख ग्योटिंगेनला शिकू लागला, तेव्हा त्याच्या पुस्तकांवर त्यांनी आपली भूक भागवली. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम मात्र त्यांच्याच वाट्याला आले.

भांडी विसळताना त्यांना हा शोध लागला, अशी कथा नेहमी सांगितली जाते. ती ऐकायला गोड असली तरी तिच्यामुळे त्यांच्या चिकाटीवर अन्याय होतो. विशीच्या आसपास सुरू केलेली निरीक्षणे त्यांनी सुमारे दहा वर्षे नेटाने चालवली. साधन अगदी साधे होते. ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर खोल असे पत्र्याचे पात्र काठोकाठ भरायचे. त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवायची. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आकसतो आणि त्यावरील तेलाचा किंवा मळाचा थर दाटत जातो. पाण्याला टेकलेली छोटी चकती उचलण्यास किती जोर लागतो, हे तराजूने पाहून पृष्ठताण मोजायचा. थर विरळ असेपर्यंत पृष्ठताण जवळजवळ बदलत नाही. एका ठरावीक मर्यादेपलीकडे थर दाबला, की तो झपाट्याने उतरतो, असे त्यांना आढळले. रेणू एकमेकांना खेटून उभे राहतात तोच हा क्षण. मेदाम्लांच्या बाबतीत तेव्हा एका रेणूच्या वाट्याला सुमारे २० चौरस अँगस्ट्रॉम एवढीच जागा उरते.

हे प्रसिद्ध करायचे कोठे? इंग्लंडमध्ये लॉर्ड रेले याच विषयावर काम करीत असल्याचे कळताच त्यांनी जानेवारी १८९१ मध्ये त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिले. लेडी रेले यांनी भाषांतर केले, आणि रेले यांनी ते शिफारशीसह 'नेचर'कडे पाठवले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आले. एका अपरिचित स्त्रीचे टिपण रेले सहज बाजूला सारू शकले असते. त्यांनी तसे केले नाही, हा त्यांचा मोठेपणा. पुढे १८९९ मध्ये रेले यांनीच हा थर एका रेणूच्या जाडीचा असल्याचे मांडले. अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर यांनी त्याच धर्तीचे सुधारित पात्र वापरून १९१७ मध्ये रेणूंची रचना उलगडली. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी १९३२ चे नोबेल त्यांना मिळाले.

आग्नेस यांचे काम मात्र मंदावत गेले. वडील १९०६ मध्ये गेले, वैज्ञानिक जगाशी त्यांना जोडणारा भाऊ १९१३ मध्ये गेला, आणि पुढच्याच वर्षी आई. मग महायुद्ध आले. १९३१ मध्ये आंरी दव्हो यांच्यासमवेत त्यांना लॉरा लेओनार्ड पारितोषिक मिळाले आणि १९३२ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी त्याच गावी त्यांचे निधन झाले.