गाडगेबाबा : शाळेत न गेलेले नागरिकशास्त्राचे शिक्षक

यवतमाळ जिल्ह्यातील नेरच्या महाविद्यालयातून बी.ए. होणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदवीवर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे नाव असते. हे गाडगेबाबा स्वतः कधी शाळेत गेले नव्हते. मग विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून काय शिकायचे?

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात, परीट कुटुंबात झाला. दारूच्या व्यसनापायी वडील लवकर गेले. आईसह डेबूजी दापुरे येथे मामाकडे आले. गुरे राखली, शेती केली. निरक्षर मामाची जमीन सावकाराने कशी गिळली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. लिहिता-वाचता न येण्याची किंमत त्यांना तिथे कळली.

मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची पंगत घालण्याची रीत होती. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद नाराज झाले, पण ते हटले नाहीत. सुधारणेची सुरुवात त्यांनी अशी स्वतःच्या घरातून केली.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगे. गावात शिरताच ते रस्ते, गटारे झाडायला लागत. कोणी बोलावण्याची किंवा आभार मानण्याची वाट पाहत नसत. रात्री त्याच गावात वऱ्हाडी बोलीत कीर्तन. श्रोत्यांना प्रश्न विचारत ते कर्ज, दारू, नवसाचे बळी आणि अस्पृश्यता यांवर बोट ठेवत. दिवसभर झाडताना पाहिलेल्या माणसाचे म्हणणे लोक ऐकून घेत.

मिळालेल्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्या त्यांनी स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या मालकीच्या केल्या नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले.

आज शाळांमध्ये जयंतीला झाडू हातात घेऊन फोटो निघतात. धडा मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होतो. फोटो काढणारे कोणी नसताना वर्गाबाहेरचा कागद कोण उचलतो? वर्गणीचा हिशेब न मागता कोण फळ्यावर लिहितो? नागरिकशास्त्राची खरी परीक्षा तिथे होते, आणि गाडगेबाबांनी ती आयुष्यभर दिली.