लग्न झालं म्हणून शाळेबाहेर

माझी लेक दुसरीत सगळ्यांच्या आधी गणितं सोडवायची आणि मग हाताची घडी घालून बसायची. बाईंची तशी ताकीदच होती. म्हणूनच लीटा हॉलिंगवर्थ मला जवळची वाटते.

लीटाचा जन्म १८८६चा, अमेरिकेतल्या नेब्रास्कातला. तीन वर्षांची असताना आई गेली. शिकून शिक्षिका झाली आणि १९०८ मध्ये न्यूयॉर्कला येऊन लग्न केलं. तिथल्या सरकारी शाळांत तेव्हा लग्न झालेल्या बाईला नोकरीच नव्हती! बसली बिचारी घरी, स्वयंपाक नि शिवणकाम करत. पुढे नवऱ्याला कोका-कोलासाठी कॅफीनवर केलेल्या संशोधनाचे पैसे मिळाले, त्यातून ही कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्र शिकली.

पुरुषांत चढउतार जास्त, म्हणून असामान्य बुद्धी त्यांच्यातच, असं तेव्हा पंडित म्हणत. हिने १९१४ मध्ये नुकत्या जन्मलेल्या हजार मुलग्यांची नि हजार मुलींची मापं तपासली. मुलग्यांत जास्त तफावत काही दिसेना.

१९२२ मध्ये त्याच शहरातल्या १६५ नंबरच्या सरकारी शाळेत तिने हुशार मुलांसाठी खास वर्ग सुरू केले, १९३६ मध्ये स्पेयर शाळेत. अर्धा दिवस नेहमीचा अभ्यास. उरलेल्या वेळात पुढच्या इयत्तेची पुस्तकं नाहीत, तर अन्न, कपडे, दिवे कसकसे बदलत आले त्याचा शोध, थोरांची चरित्रं, फ्रेंच. स्पेयरमध्ये मागे पडणाऱ्या मुलांचेही सात वर्ग होते, हे मला फार आवडलं. बुद्ध्यांकावर मात्र तिचा भरवसा जरा जास्तच, असं आज वाटतं.

१९३९ मध्ये, ५३व्या वर्षी, ती कर्करोगाने गेली. अतिबुद्धिमान मुलांवरचं तिचं पुस्तक अर्धंच राहिलं होतं. नवऱ्याने ते पुरं करून १९४२ मध्ये छापलं.